कांबळे सरांची पांढरी पूड

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी कांबळे सरांवर दोन पानं लिहून द्या, असा निरोप घेऊन एक तरुण प्राध्यापक घरी आला. फार सज्जन पोरगा. चहा घेतला, बशी स्वतः उचलून आत ठेवली आणि दारात चपला घालताना म्हणाला, "मॅडम, जरा चांगलं चांगलंच लिहा हां. कडू काही नको. कार्यक्रमाला बाहेरचे पाहुणे येणार आहेत."

मी म्हटलं, "अरे बाबा, चांगलं चांगलं करायचं होतं तर माणूस जिवंत होता तेव्हा करायचं होतं की."

तो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतात. मी गंमत करत नव्हते. ती दोन पानं मी दिली नाहीत, देणारही नाही. हे लिहिलंय ते माझ्यासाठी आहे, आणि ज्याला कडू चालतं त्याच्यासाठी.

डॉ. आनंदा कांबळे आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी प्राणिशास्त्राची. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच भिंत होती आणि तिला वरच्या बाजूला झरोके. माझ्याकडून फॉर्मेलिनचा वास त्यांच्याकडे जायचा, त्यांच्याकडून नाही नाही ते वास माझ्याकडे यायचे. बुटका, काळासावळा माणूस. गडमुडशिंगीहून लूनावर यायचा. पांढरा कोट अंगात घालून यायचा नाही. तो इस्त्री करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला असायचा आणि पिशवी हँडलला. रस्त्यातली धूळ अंगावर बसली तर बसू दे, कोटावर नको. वर्गात पुस्तकी मराठी आणि त्याहून पुस्तकी इंग्रजी. स्टाफरूममध्ये आले की मात्र अस्सल गावाकडची बोली, आणि तीही मुद्दाम, जरा मोठ्यानं. "आमच्या बोलीला कुणी नाक मुरडलं की मला कळतं, कोण कुठल्या पाण्यातलं हाय," म्हणायचे.

काचेची भांडी ते स्वतः धुवायचे. डिपार्टमेंटला दोन शिपाई होते, तरी स्वतः. मी एकदा म्हटलं, "सर, कशाला हात खराब करून घेता? शिपाई धुतील की."

"धुतील की. पण मग उद्या चूक झाली तर ती कुणाची, ह्ये कळायचं न्हाय."

त्यांचं खरं वेड म्हणजे माल शुद्ध करणं. रसायनवाले जे काही बनवतात त्याला ते मालच म्हणायचे, बाजारातल्या व्यापाऱ्यासारखं. बनवलेली पूड गरम द्रावणात विरघळवायची, मग हळूहळू गार होऊ द्यायची. चांगला माल स्फटिक होऊन तळाला बसतो आणि सगळी घाण वरच्या रंगीत पाण्यात राहते. स्फटिक गाळून घ्यायचे आणि रंगीत पाणी बेसिनमध्ये. ते ओतताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. झरोक्यातून मला रोज ऐकू यायचं: "जा बाई, पंचगंगेला जा."

मी इकडून ओरडायचे, "सर, नदीतले मासे माझ्या खात्यात येतात! मारताय होय त्यांना?"

"तुमच्या माशांस्नी काय हुत न्हाय मॅडम! लई चिवट हाईत ते, कोल्हापूरचं हाईत!"

दुसऱ्यांदा विरघळव, पुन्हा गाळ, पुन्हा पंचगंगेला. मग बारीक काचेच्या नळीत चिमूटभर पूड घालून तापवायचे आणि ती कधी वितळते ते बघायचे. शुद्ध माल एका झटक्यात वितळतो. भेसळ असली की आधीच घाम फुटल्यासारखा ओला होतो, रेंगाळतो. सरांचा माल रेंगाळला तर त्या दिवशी माणूस जेवायचा नाही. डबा तसाच घरी परत.

एवढं वेड कशापायी, ते मला एकदा परीक्षेच्या ड्यूटीवर कळलं. मुलं पेपर लिहीत होती, आम्ही दोघं पाठीमागच्या बाकावर. त्यांनी हलक्या आवाजात, जणू दुसऱ्याचीच गोष्ट असल्यासारखी, सांगितली. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला त्यांची पूड जराशी आधी वितळली. बाहेरून आलेल्या परीक्षकानं ती नळी दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाला, "सवलतीत आलेल्यांचा मालही सवलतीतलाच निघायचा." वर्ग हसला. त्यात त्यांचा जिवलग मित्रही होता.

"त्या दिवशी ठरीवलं मॅडम, आपल्या मालात कुणाला बोट घालायला जागा म्हणून ठिवायची न्हाय."

त्या परीक्षकाचं नाव मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. मला आजही तो माणूस भेटायला हवाय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एके दुपारी सर हातात झेरॉक्सचे कागद घेऊन माझ्याकडे आले. स्टूल ओढलं, बसले. "मॅडम, ह्ये प्रोटीन म्हंजे नेमकी काय भानगड हाय वो? मला शाळेतल्या पोराला सांगता तसं सांगा."

मी सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत एक राखणदार प्रोटीन असतं. पी-फिफ्टीथ्री म्हणतात त्याला. पेशीत काही बिघाड झाला की ते सांगतं, थांब, वाढू नको. ऐकलं नाही तर म्हणतं, मर. म्हणून आपल्याला उठसूट कॅन्सर होत नाही. कितीतरी कॅन्सरांत हा राखणदारच निकामी झालेला असतो. आधी लोकांना वाटायचं, तो मेला, संपलं. आता कळतंय की पुष्कळदा तो तिथंच असतो, ढिगानं असतो, नुसता त्याचा आकार पिळवटलेला असतो. म्हणून काही लोक लहान लहान रेणू बनवून बघताहेत. असा रेणू त्याला जाऊन चिकटला आणि तो परत ताठ झाला, तर पेशीला विष घालायला नको. तिचाच राखणदार काम करील.

सर म्हणाले, "माझा आज्जा येसकर हुता. गावाच्या वेशीवर राखणीला. म्हातारपणी कंबरंत वाकला तवा गाव म्हणालं, हा आता कामाचा न्हाय. भाकरी बंद. डोळं चांगलं हुतं की वो त्याचं! कान चांगलं हुतं! नुसती कंबर गेलती. कुणी हात घालून सरळ केला असता तर..." झेरॉक्स गोळा केले आणि गेले.

त्या दिवसापासून माणूस झपाटला. आमच्या कॉलेजात असलं काम कुणी केलं नव्हतं. कुठून तरी थोडं अनुदान मिळवलं. एकामागून एक लहान रेणू बनवायचे, शुद्ध करायचे, कुपीत भरायचे. पण ते कॅन्सरच्या पेशींवर चालतात का, हे बघायची सोय कोल्हापुरात कुठली? माझ्याकडं एक इनक्युबेटर होता, त्यात फार तर दही लागलं असतं. म्हणून मोठ्या शहरातल्या एका संस्थेकडं कुप्या पाठवायच्या आणि वाट बघायची. उत्तर यायचं, परिणाम नाही. सर म्हणायचे, "बरं." आणि पुढचा रेणू.

आणि मग तो उन्हाळा आला. संस्थेतून फोन, की चाचण्या लगेच लावतोय, जे तयार असेल ते ताबडतोब पाठवा. सरांचा नवा रेणू नुकताच बनलेला, एकदाच कसाबसा गाळलेला. पिवळट, चिकट, नळीत घातला तर रेंगाळणारा. त्यांना पाठवायचा नव्हता. प्राचार्य म्हणाले, "अहो, संधी जाईल." शेवटी मे महिन्याच्या उन्हात ती कुपी एस.टी.च्या पार्सलनं गेली, आणि कुठल्याशा डेपोत पडून राहिली. पोहोचली तेव्हा, म्हणे, पुडीला ओल सुटली होती.

"पोरीला न विंचरता पावण्यांपुढं उभी केल्यासारखं वाटाय लागलंय," सर म्हणाले. खरोखर लाजले होते ते.

पुढं पावसाच्या तोंडाला एकदा ते माझ्या प्रयोगशाळेत आले आणि बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, येसकर उठला."

मला आधी कळेना. मग कळलं. त्या पिवळट पुडीनं काम केलं होतं. कॅन्सरच्या पेशींतलं पिळवटलेलं प्रोटीन ताठ झालं, त्या पेशी मेल्या, आणि धडधाकट पेशींना धक्का लागला नाही. संस्थेतल्या मोठ्या साहेबांनी स्वतः फोन केला होता. आणखी माल पाठवा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना गंगावेशीत दूध प्यायला नेलं. तिथं म्हैस समोर उभी असते, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळतं दूध तसंच पेल्यात. पेढे का नाही, असं कुणीतरी विचारलं. सर पेला वर धरून म्हणाले, "पेढ्यात काय घातलंय कुणाला ठावं? हितं कुणी म्हणायचं न्हाय, पाणी घातलं म्हणून!" ओठावर फेस, डोळ्यांत पाणी. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर फारसा पाहिला नाही. प्राचार्यांनी पाठीवर थाप मारली. फिजिक्सच्या पाटील सरांनी दोन पेले रिचवले. ते दोन पेले लक्षात ठेवा.

आता दुसरा माल. कुणीही दुसरा असता तर पहिला होता तसाच बनवून धाडला असता. पण हे कांबळे सर. "ती तर नासकी बॅच हुती मॅडम. तिनं एवढं केलं, तर चोख माल काय करंल!" अख्खा पावसाळा विरघळव, गाळ, विरघळव, गाळ. झरोक्यातून सारखं एकच: जा बाई, पंचगंगेला जा. पिवळेपणा गेला. पूड मिठापेक्षा पांढरी झाली. नळीत घातली की एका झटक्यात पाणी. बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ती कुपी घालून, थर्मास मांडीवर घेऊन, सर स्वतः बसनं जाऊन देऊन आले.

उत्तर आलं, परिणाम नाही.

त्यांनी आणखी शुद्ध करून पाठवली. परिणाम नाही. आणखी. नाही. जेवढे नकार येत होते तेवढे ते जास्त गाळत होते. पहिल्या पुडीतला कणसुद्धा उरला नव्हता, सगळी चाचण्यांत संपलेली. डबे रोज तसेच घरी परत जायला लागले.

मला रसायन कळत नाही. पण मला राहवेना. म्हटलं, "सर, पहिल्यासारखीच पाठवा ना. तशीच पिवळी, तशीच पार्सलनं. काय बिघडतंय?"

इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "खराब माल पाठवू? मी? आन् तिथं कुणी नळीत घालून बघितला तर काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते आत्ताच म्हणताहेत की!"

"मग मला म्हणू द्या. मालाला न्हाय म्हणू द्यायचं." आणि गेले. पुढं कितीतरी दिवस झरोक्यातून नुसता पाण्याचा आवाज. वाक्य बंद.

मग संस्थेचं पत्र थेट प्राचार्यांना आलं. भाषा फार सभ्य. मुद्दा असा, की पहिल्या नमुन्यात कॅन्सरचं एखादं माहीत असलेलं औषध मिसळलेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी आपण आपल्या स्तरावर चौकशी करावी. म्हणजे साध्या मराठीत, तुमच्या माणसानं भेसळ करून आम्हाला फसवलं. ज्या माणसानं जन्मभर दुसरं काही केलं नाही, फक्त भेसळ काढली, त्याला हे.

स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला, "शेवटी वळणावर गेलंच की."

मी उठले. म्हटलं, "कोण बोललं ते पेपर खाली ठेवून, उभं राहून बोला." कुणी उठलं नाही. पण तो आवाज मला ओळखता येत होता. गंगावेशीत दोन पेले रिचवलेला गळा होता तो.

चौकशी समिती प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसली. मध्ये भडंगाची ताटली. मलाही सभासद म्हणून घेतलं होतं, बाई असावी म्हणून. सर आले, पांढरा कोट घालून. सोबत तापवायचं यंत्र आणि पांढऱ्या पुडीची कुपी. कुणाशी न बोलता प्लग लावला, नळी भरली आणि म्हणाले, "या, बघा." एकेकानं वाकून पाहिलं. पूड एका झटक्यात वितळली. सर ताठ उभे राहिले. "ह्यात काय मिसळलेलं असतं तर अशी वितळली असती? सांगा."

प्राचार्य रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "कांबळे सर, तेच तर कोडं आहे ना. ही शुद्ध आहे आणि ही चालत नाही. मग ती चालली, त्यात काय होतं?"

सरांनी प्लग काढला, वायर नीट गुंडाळली, आणि नळी रुमालात बांधून घेऊन गेले. मी तावातावानं पुष्कळ बोलले. इतिवृत्तात त्यातलं काही आलं नाही.

आरोप सिद्ध झाला नाही, असंच लिहिलं. पुढं एक ओळ घातली, संबंधितांनी यापुढे दक्षता घ्यावी. तेवढी ओळ पुरली. अनुदान पुन्हा मिळालं नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या संशोधनाच्या खोलीत कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला. बेसिन काढून तिथं प्रिंटर ठेवला. सर बारावीच्या पोरांना शिकवत राहिले आणि वेळ झाल्यावर निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि पाटील सरांचं भाषण.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या डिपार्टमेंटला इंटरनेट आलं. शिकवायच्या नोट्स शोधताना मला एक परदेशी शोधनिबंध सापडला. सरांच्या रेणूच्याच घराण्यातल्या एका रेणूवरचा. तिसरा परिच्छेद मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात लिहिलं होतं, हा रेणू स्वतः काहीच करत नाही. उष्णतेनं आणि ओलीनं तो हळूहळू तुटतो, आणि तुटून जो तुकडा निघतो तो प्रोटीनला चिकटून त्याला ताठ करतो. शुद्ध, कोरडा, गार ठेवला तर तो आहे तसाच राहतो, आणि निरुपयोगी राहतो.

मे महिना. एस.टी.चा डेपो. ओल सुटलेली पिवळी पूड. आणि नंतर बर्फाचा थर्मास, मांडीवर.

दाखवावं की नको, हे मला बराच काळ ठरवता येईना. पण एका गोष्टीचा आनंदही होत होता. माणूस खोटा नव्हता! पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं! शेवटी प्रिंट काढून गडमुडशिंगीची बस धरली.

सर ओट्यावर बसून वाचत होते. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा. मला बघून उठले. "या मॅडम, या. वाट वाकडी केलीसा?" मी कागद हातात दिले. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं. मधल्या एका आकृतीवर बोट ठेवून थांबले. रसायनाचा माणूस, त्यांना माझ्यासारखे परिच्छेद लागत नाहीत.

"म्हंजे ती पिवळी..." ते म्हणाले.

"होय सर. तीच."

"जी मी काढत हुतो."

मग मीच भडाभडा सुटले. म्हटलं, आपण हे प्राचार्यांना दाखवू, संस्थेला पत्र लिहू, पेपरात देऊ. त्या पाटलाच्या तोंडावर मारू. तुमचं नाव धुऊन निघेल सर.

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिले. "काय लिवणार मॅडम? कांबळ्याचा माल घाण हुता म्हणून गुण आला, असं?"

"अहो पण तेच खरं आहे!"

"खरं हाय. पण ते माझ्या तोंडानं म्हणायचं म्हंजे त्या परीक्षकाला जाऊन सांगायचं, साहेब, तुमचंच बरोबर हुतं." मग चष्मा काढत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चहा घ्या."

चहा त्यांनी स्वतः केला. पेले माझ्यासमोर पुन्हा विसळले, मग ओतला. नातवंडांचं बोललो, उसाचं बोललो. त्या विषयावर एक अक्षर नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्या परीक्षकाचा, समितीचा, आणि खरं सांगायचं तर सरांचासुद्धा. कुणी एवढा ताठ राहतो का?

मला बसला घालवायला ते फाट्यापर्यंत आले. मी खिडकीत बसले. बस सुरू झाली तसे ते पुढं झाले आणि खिडकीची दांडी धरून म्हणाले, "मॅडम."

"काय सर?"

"पंचगंगेतल्या तुमच्या माशांस्नी कॅन्सर व्हायचा न्हाय बघा."

आणि हसले. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. कंडक्टरनं घंटी दिली. मी मागं वळून पाहिलं. दांडीची धूळ हाताला लागली होती, ती ते रुमालानं पुसत होते. एक एक बोट, नीट, स्वच्छ होईपर्यंत.